धाकट्याचा छत्तिसावा दिवस

धाकटं चौथ्यांदा बसलं तेव्हा दुपारचे पावणेचार झाले होते. नियंत्रण कक्षातली माणसं चहाचे कप हातात धरून पडद्याकडे बघत होती, आणि घरातलंच कुणी घेरी येऊन पडावं तसे सगळ्यांचे चेहरे झाले होते.

"कितवा दिवस?" हेमांगी शिंत्रेने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"छत्तिसावा," शर्वाणी लेले म्हणाली. "चारही वेळा छत्तिसावाच. हट्टी आहे."

"कोल्हापूरचं आहे," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले आणि मग, हसण्यासारखं काही नव्हतं हे आठवून, आपापल्या जागी गेले.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या टोकाला हे तातडी केंद्र होतं. सन २०४१ मध्ये अशी सहा केंद्रं राज्यभर होती. चंदगडच्या जंगलाकडच्या वाडीतून फोन आला की इथला संगणक दोन सेकंदांत सांगायचा, जवळची रुग्णवाहिका कुठली, कुठल्या दवाखान्यात खाट रिकामी आहे, हव्या त्या गटाचं रक्त कुठे आहे आणि कुठला घाट आज बंद आहे. हे सगळं न थांबता चालू ठेवणं हे हेमांगीचं काम. केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून, म्हणजे नऊ वर्षं, ती इथे होती. आधी साधी ऑपरेटर, आता व्यवस्थापक. या नऊ वर्षांत केंद्र एकदाही पूर्ण बंद पडलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती पाहुण्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगायची.

मुख्यालयाला मात्र नुसतं न पडणं पुरेसं नव्हतं. सहाही केंद्रांचा कारभार मुख्यालयातून आपोआप चालवायचा, असा ठराव झाला होता. एकच पळवाट ठेवली होती. ज्या केंद्राला आपला कारभार आपल्याकडे ठेवायचा असेल, त्याने सुधारणेचा आराखडा द्यायचा आणि तो नव्वद दिवस टिकतो हे सिद्ध करून दाखवायचं. आराखडा बसला तर माणसं इथेच राहणार. नाही बसला तर बाराच्या बारा जणांची बदली, आणि निवृत्तीला आठ महिने उरलेल्या आनंदा लोहारांना तर बदलीचं पत्रसुद्धा मिळणार नव्हतं. त्यांच्यासारख्या यंत्रकक्ष सहायकाची जागाच नव्या व्यवस्थेत नव्हती.

आराखडा माणसांनी करायचा नव्हता. तो करायला शर्वाणी 'आखणी' नावाची संगणकप्रणाली घेऊन पुण्याहून आली होती. शर्वाणी तिशीतली, चटपटीत, वाक्य अर्धवट न सोडणारी इंजिनिअर. तिची आखणी काम करायची ती अशी. आधी केंद्राच्या नऊ वर्षांच्या नोंदी वाचायच्या. कुठलं यंत्र कधी तापलं, कुणी कधी काय दुरुस्त केलं, किती फोन आले, सगळं. त्यातून केंद्राचं एक प्रतिरूप तयार व्हायचं, आकड्यांचं केंद्र. त्यात खोट्या वाडीतून खोटे फोन यायचे, खोट्या रुग्णवाहिका धावायच्या, पण यंत्रं अगदी खऱ्यासारखी थकायची. खऱ्या केंद्राचा एक दिवस तिथे एका मिनिटात उलटायचा. मग आखणी त्या प्रतिरूपावर हजारो बदल करून बघायची. ही पाळी अशी लावली तर? हा साठा तिकडे हलवला तर? जे बदल गुणकारी ठरतील त्यांचा आराखडा. खऱ्या रोग्यावर प्रयोग करायला नकोत, म्हणून ही सोय.

केंद्रातल्या माणसांनी पहिल्याच दिवशी प्रतिरूपाचं नाव 'धाकटं' ठेवलं. मग खरं केंद्र आपोआप 'थोरलं' झालं. आणि थोरलं नऊ वर्षं ठणठणीत असताना धाकटं, काही बदल न करताही, छत्तिसाव्या दिवशी मान टाकत होतं. जे मुळात जगतच नाही, त्याच्यावर सुधारणा काय करणार? मुख्यालयाची मुदत तीन आठवड्यांवर आली होती.

"मरतंय कशाने ते मला कळलंय," दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वाणी म्हणाली. हेमांगीच्या केबिनमध्ये ती पाय दुमडून खुर्चीत बसली होती. "तुमचा तो 'निरोप्या' आहे ना?"

निरोप्या हा केंद्रातला सगळ्यात जुना प्रोग्रॅम. आलेला फोन रुग्णवाहिकेपर्यंत पोचवायचं काम त्याचं. तो लिहिणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"प्रत्येक फोनसाठी तो थोडी मेमरी घेतो. काम झालं की परत द्यायला हवी. हा बहुतेक देतो, पण दर वेळी चिमूटभर विसरतो. पंगतीत प्रत्येकाने ताट घेतलं आणि शंभरातल्या एकाने ते घासायला टाकलंच नाही, असं समजा. पहिल्या दिवशी कळत नाही. छत्तिसाव्या दिवशी वाढायला ताटच उरत नाही."

"मग यंत्र बंद करून चालू केलं तर?"

"तर सगळी ताटं एकदम परत. पुन्हा पहिला दिवस. पण तुमच्या नोंदींत तसं कुणी कधी केलेलंच नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. तुमचं थोरलं खरं तर नव्वदएक वेळा मरायला हवं होतं. मरत नाही. मला याचंच आश्चर्य वाटतंय."

"कौतुक वाटायला हवं."

"हेमांगीताई, मला भीती वाटते. यंत्र का बिघडलं हे नेहमी शोधता येतं. का बिघडत नाही, हे शोधायला कुणी जातच नाही." शर्वाणीने टॅब पुढे सरकवला. "दर महिन्याची मेमरीची कमाल पातळी तुम्ही साठवता. बघा. ब्याऐंशी टक्के. त्र्याऐंशी. ब्याऐंशी. तुमचा अलार्म नव्वदला वाजतो, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. नऊ वर्षं ती ब्याऐंशी-त्र्याऐंशीपर्यंत चढते आणि मग काय, लाजते?"

हेमांगीला हसू आलं आणि रागही आला. "आमच्या नोंदी चोख आहेत."

"चोख असतील. पुऱ्या नाहीत."

तो शब्द हेमांगीला दिवसभर टोचत राहिला. तिच्या केबिनच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं एक प्रशस्तिपत्र होतं, केंद्राच्या पहिल्या वर्षीचं. 'नोंदींच्या शिस्तीबद्दल' असं त्यावर सोनेरी अक्षरांत होतं. येता-जाता ते तिला दिसत राहिलं.

संध्याकाळी निघताना तिला एकदम विजेचं पॅनल आठवलं. प्रत्येक यंत्र किती वीज खातं याची नोंद इलेक्ट्रिक विभाग वेगळी ठेवायचा, आणि ती संगणकाच्या नोंदींत कधी मिसळलेलीच नव्हती. यंत्र बंद झालं तर वीज खाणारच नाही. ती तशीच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी त्या दोघींनी फळ्यावर आकडे मांडले. निरोप्या दोन यंत्रांवर चालायचा, एक पडलं तर दुसरं सांभाळून घेईल अशी जोडी. पॅनलच्या नोंदीत दिसलं की अधूनमधून आधी एक यंत्र साडेतीन मिनिटं बंद होतं, मग दुसरं साडेतीन मिनिटं. काम कुठेच अडत नाही. आणि अशा दोन खेपांमधलं अंतर: एकोणतीस दिवस, तीस, एकोणतीस, तीस, तीस, एकोणतीस.

"महिन्याची तारीख नाही," शर्वाणी म्हणाली. "कधी चार, कधी एकोणीस. वार ठरलेला नाही. पाळ्यांशी जुळत नाही. सरासरी साडेएकोणतीस. यंत्र आपणहून असं करत नाही, माणूस करतो. पण कुठला माणूस साडेएकोणतीस दिवसांनी काम करतो?"

तात्या, म्हणजे आनंदा लोहार, तेव्हा दारातून आत येत होते. हातात हवेची गाळणी होती. यंत्रकक्षाच्या गाळण्या रोज सकाळी अकराला झटकायच्या, वायरी तपासायच्या, फरशी कोरडी ठेवायची हे त्यांचं काम. वय सत्तावन्न, मिशा पांढऱ्या, डोक्यावर अजून टोपी. हेमांगी नवीन होती तेव्हा कुठली वायर कुठे जाते हे तिला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. आता ते तिला चारचौघांत मॅडम म्हणायचे आणि एकटं असताना पोरी. त्यांनी फळ्याकडे एक नजर टाकली.

"लई आकडं झालं," असं म्हणून ते गाळणी घेऊन आत गेले.

यावर उपाय एकच होता. मेमरीची पातळी आता महिन्याला नाही, दर सेकंदाला बघायची. शर्वाणीने त्यासाठी केबिनच्या भिंतीवर एक वेगळा पडदाच लावला. त्यावर जोडीतल्या प्रत्येक यंत्राची एक हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी वर चढत राहिली. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. ऐंशी.

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला त्यातली एक रेघ धाडकन खाली आली. एक्क्याऐंशीवरून चारवर. पाच मिनिटांनी जोडीतल्या दुसऱ्या यंत्राची रेघही पडली. शर्वाणी खुर्चीतून उठली, तिच्या कपातला चहा कळफलकावर सांडला, आणि तो पुसून दोघी रेघा पुन्हा तपासत असतानाच तात्या एक स्टीलचा डबा घेऊन आत आले.

"घ्या मॅडम. लेले बाई, तुम्हीबी घ्या."

डब्यात ओल्या खोबऱ्याचे तुकडे होते आणि गूळ. हेमांगीचा हात सवयीने पुढे झाला. तिने खोबरं तोंडात टाकलं, दोनदा चावलं आणि थांबली. हे खोबरं ती नऊ वर्षं खात होती. सगळं केंद्रच खात होतं. महिन्यातून एकदा तात्या डबा फिरवायचे, सगळे घ्यायचे, आणि कशाचं ते कुणी कधी विचारलं नव्हतं. प्रसाद पुढे आल्यावर कोण विचारतं?

"तात्या," ती म्हणाली, "आज काय आहे?"

"आज? अमावस्या न्हवं का."

हेमांगी शर्वाणीकडे वळली. मग शर्वाणी हळूच म्हणाली, "साडेएकोणतीस," आणि तिनेही डब्यातला तुकडा उचलला.

तात्यांना हेमांगीने मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीच्या पायरीवर गाठलं. तिथे कोपऱ्यात करवंट्यांचा नीट रचलेला ढीग होता. हाही ती नऊ वर्षं बघत आली होती.

"सगळं सांगा," ती म्हणाली.

"सांगायचं काय त्यात?" तात्या तिच्याकडे खरोखरच्या नवलाने बघत होते. "हितनं दोन गल्ल्या सोडून आमच्या बाचं वर्कशॉप हुतं. तीन लेथ. दर अमावस्येला बा तिन्ही लेथ बंद करायचा. पुसायचा, तेल घालायचा, नारळ फोडायचा, फूल ठेवायचा आन् परत चालू. म्हणायचा, मशीन बोलत न्हाई रे. दुखलं-खुपलं सांगत न्हाई. म्हणून महिन्यातनं एकदा आपणच थांबवून विचारायचं, बरं हाईस का. हितं आलो तवा वाटलं, ही मशीनं तर लोकांच्या जिवाची. ह्यांना तर विचाराय पायजे."

"आणि परवानगी?"

"पयल्या वर्षी नारळ आतच फोडला की. पाणी उडालं. तवाच्या साहेबांनी लई झापलं. म्हनलं, नारळ आत आणायचा न्हाई. म्हटलं, न्हाई आणत. तवापास्नं नारळ हितं भाईर फोडतो. आत फक्त बंद, पुसापुशी, चालू. एका टायमाला एकच. दुसरं सांभाळून घेतंय, तूच शिकवलंयस मला."

"तात्या, चालू यंत्राला लेखी परवान्याशिवाय हात लावला तर नोकरी जाते. तुम्ही नऊ वर्षांत एकशे अकरा वेळा लावलात."

तात्यांनी एक करवंटी ढिगावर सारखी केली. मग म्हणाले, "पण पोरी, तुला तर म्हाईत हुतं."

"मला?"

"पयल्या बारीला अलार्म वाजला हुता. केवढा कालवा झाला. पुढच्या अमावस्येला भीत भीत बंद केलं, तर अलार्मच न्हाई. त्याच्या पुढच्या बारीलाबी न्हाई. मी म्हटलं, पोरीनं सोय करून ठेवलीया. तोंडानं बोलत न्हाई, पण म्हाताऱ्याचं मन राखतीया." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "नऊ वरसं त्याचंच बरं वाटत हुतं बघ."

हेमांगी पायरीवर बसली. तिला सगळं लख्ख आठवलं. पहिल्या वर्षी दिवसाला शे-दीडशे फुटकळ अलार्म वाजायचे. लाइन लुकलुकली, वाजला. दार उघडं राहिलं, वाजला. माणसं इतकी कावली होती की खरा अलार्म कुणी ऐकेना. तेव्हा ऑपरेटर असताना तिनेच नियम सुचवून घालून घेतला होता: चार मिनिटांपेक्षा कमी काळाची कुठलीही घटना अलार्म देणार नाही आणि नोंदवहीतही जाणार नाही. कक्ष शांत झाला, नोंदी सुबक झाल्या, मुख्यालयाने प्रशस्तिपत्र दिलं. आणि तात्यांचं काम साडेतीन मिनिटांचं होतं.

म्हणजे धाकट्याला आजारी पाडणारी तीच होती. त्याला केंद्राची सगळी माहिती मिळाली होती. त्याला जगवणारी साडेतीन मिनिटं तेवढी तिने गाळून टाकली होती. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त, या म्हाताऱ्याने नऊ वर्षं तिच्यावर ठेवलेल्या फुकटच्या विश्वासाने तिला ओशाळं केलं.

"मला माहीत नव्हतं तात्या," ती म्हणाली. "माहीत असतं तरी मी सोय केली असती की नाही, सांगता येत नाही."

"केली असतीस," तात्या म्हणाले आणि उठून गाळण्या धुवायला गेले.

शर्वाणीने तासाभरात धाकट्याला अमावस्या शिकवली. दर साडेएकोणतीस दिवसांनी आधी एक यंत्र बंद, मग दुसरं. या वेळी दुपारच्या चहाला सगळे पडद्यापाशीच उभे होते. चौतीस. पस्तीस. छत्तीस आला आणि गेला. सदतिसाव्या दिवशी खोट्या चंदगडातून खोटा फोन आला, खोटी रुग्णवाहिका धावली, आणि खऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. हिशेबनीस कदमांनी तर डोळे पुसले आणि एसीला दोष दिला.

खरी अडचण नंतर आली. आराखड्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'बदलाचा उगम. कुणी, कधीपासून, कोणत्या परवान्याने.'

"इथे 'नियमित पुनरारंभ, प्रतिरूपाच्या अभ्यासातून सुचलेला' असं लिहिता येईल," शर्वाणी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी सही करीन. कुणी विचारणार नाही. तात्या सुटतील, तुम्हीही सुटाल."

हेमांगीने पेन उचललं. तात्यांचे आठ महिने राहिले होते. लेखी कबुली दिली तर ते आठ दिवसांतही संपू शकत होते. आणि तिची स्वतःची नऊ वर्षांची शान त्या एका रकान्यात पुसली जाणार होती. तिने बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं.

"शर्वाणी, धाकटं कशाने आजारी पडलं?"

"मेमरी."

"नाही. आम्ही त्याला खरं सांगितलं नाही म्हणून. आता त्याच्याच आराखड्यात पुन्हा खोटं लिहू? पुढच्या वर्षी इथे दुसरं कुणी असेल. त्याला वाटेल, हे काय उगाच बंद-चालू करतात, काढून टाका. कारण माहीत नसलेली गोष्ट लोक काढूनच टाकतात."

ती तात्यांना विचारायला गेली. तात्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "लिव्ह की. चोरी थोडीच केलीया."

तिने लिहिलं. तात्यांचं नाव, एकशे अकरा वेळा, परवाना नाही. त्याखाली स्वतःचं नाव, चार मिनिटांचा नियम, तारीख. पुरावा म्हणून भिंतीवरचं प्रशस्तिपत्र चौकटीसकट काढलं, त्याचा फोटो घेतला आणि जोडला.

आणि मग तिने एक गोष्ट केली जी आखणीच्या सूचनापुस्तिकेत नव्हती. सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि म्हणाली, "जे काम तुम्ही करता, पण लिहीत नाही, ते सांगा. आज कुणावर कारवाई नाही."

पहिल्यांदा कदम म्हणाले की यंत्रांच्या तिसऱ्या कपाटाचं दार ते दुपारी बोटभर उघडं ठेवतात, नाहीतर ते तापतं. सकाळच्या पाळीची नसीम मुल्ला म्हणाली की ती रोज सातला गगनबावड्याच्या दवाखान्यातल्या ब्रदरला फोन करते. "खाटा किती ते संगणक सांगतो, पण डॉक्टर गावात आहेत की नाही ते ब्रदरच सांगतो." एकाने सांगितलं की छतावरच्या अँटेनावर कावळा घरटं बांधतो, ते तो उचलून शेजारच्या झाडावर ठेवतो. "मोडत नाही, हलवतो," हे त्याने दोनदा स्पष्ट केलं. दीड तासात शर्वाणीने त्रेचाळीस गोष्टी लिहून घेतल्या. लिहिताना ती इतकी हसत होती की तिला दोनदा पाणी प्यावं लागलं.

त्या त्रेचाळीस गोष्टी धाकट्याला दिल्या आणि धाकटं बाळसं धरू लागलं. आता आखणीला काम सुचायला लागलं. कपाटासमोरचा पंखा हलवा. नसीमसारखा फोन सगळ्याच दवाखान्यांना लावा. चार मिनिटांचा नियम ठेवा, पण फक्त अलार्मपुरता. नोंद प्रत्येक गोष्टीची करा. आणि सगळ्यात वरची सूचना वाचून शर्वाणीने डोक्याला हात लावला. निरोप्याची यंत्रं महिन्यातून एकदा नव्हे, दर पंधरा दिवसांनी बंद-चालू केली तर धोका जवळपास शून्यावर येत होता.

"तात्या, पंधरा दिवसांनी करायला सांगतंय," हेमांगी म्हणाली.

तात्यांनी क्षणभर विचार केला. "मग पौर्णिमेलाबी करू. काय अडचण न्हाई. नारळ तेवढं वाढतील."

मुख्यालयाचे संचालक जहागीरदार स्वतः आले. मितभाषी माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर, चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. शर्वाणीने त्यांच्यासमोर धाकटं पहिल्या दिवसापासून सुरू केलं आणि ते आराखडा वाचत बसले. मिनिटाला एक दिवस उलटत होता. पंधराव्या दिवशी यंत्रं थांबली, चालू झाली. जहागीरदारांनी पान उलटलं. तिसाव्या दिवशी पुन्हा थांबली, पुन्हा चालू झाली.

ते उगमाच्या रकान्यापाशी आले आणि थांबले. तो त्यांनी दोनदा वाचला. प्रशस्तिपत्राचा फोटो बघितला. त्याखाली त्यांचीच सही होती.

"आनंदा लोहार कोण?"

तात्या उठले. "मी, साहेब."

"पहिली चूक माझी आहे साहेब," हेमांगीही उठली. "नोंदी मी गाळल्या. कारवाई करायची तर माझ्यापासून सुरू करा."

"बसा, शिंत्रे बाई." जहागीरदारांनी पडद्याकडे पाहिलं. पस्तीस. छत्तीस. ते चष्मा काढून बघत राहिले. सदतीस. अडतीस. चाळिसाव्या दिवशी त्यांनी फाइल मिटली.

"मुख्यालयातसुद्धा निरोप्याच चालतो," ते अखेर म्हणाले. "आमच्याकडे सगळं आपोआप आहे. यंत्रकक्षात माणूस जातच नाही. गेल्या वर्षात आमचं केंद्र दहा वेळा बसलं. दर वेळी तुमच्यासारख्या केंद्रांनी फोन सांभाळले म्हणून बाहेर कळलं नाही. सात तज्ज्ञ लावले. कारण सापडलेलं नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "किती दिवसांनी बसतं, हे आता तुम्हाला सांगायला नको."

शर्वाणीने बोटांवर काहीतरी मोजलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"लोहार, विनापरवाना काम केल्याबद्दल तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. शिंत्रे बाई, तुम्हालाही. नियम म्हणजे नियम."

"मिळू दे की साहेब," तात्या म्हणाले.

"कारभार इथेच राहील. नव्वदाव्या दिवसापर्यंत थांबायची गरज नाही. आता दुसरी गोष्ट." जहागीरदारांनी घसा साफ केला. "येत्या अमावस्येला आपण मुख्यालयात येऊ शकाल का? आमच्या लोकांना एकदा दाखवायला."

तात्यांनी मान हलवली. "अमावस्येला प्रवास करत न्हाई साहेब. आदल्या दिशी येतो."

त्यावर जहागीरदार हसले. ते हसतात हे मुख्यालयातही फारसं कुणाला माहीत नसावं. मग सगळा कक्षच हसायला लागला, आणि मागे धाकटं आपल्या नादात पन्नास, एक्कावन्न, बावन्न असे दिवस उलटत राहिलं.

त्या अमावस्येनंतर पंधरा दिवसांनी पौर्णिमा आली. सकाळी अकराला तात्यांनी टोपी सारखी केली आणि हेमांगीच्या टेबलावर एक छापील फॉर्म ठेवला. चालू यंत्राला हात लावण्याचा परवाना. नऊ वर्षांतला त्यांचा पहिलाच. वळणदार, थोड्या थरथरत्या अक्षरांत त्यांनी रकाने भरले होते. यंत्र: निरोप्याची जोडी. वेळ: प्रत्येकी साडेतीन मिनिटं. 'कामाचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं: बरं आहे का विचारायचं आहे.

हेमांगीने ते वाचलं. मग खाली, 'परवानगी देणार' असं छापलं होतं तिथे, तिने सही केली.

"जाऊन या तात्या," ती म्हणाली. "आणि खोबरं जरा जास्त आणा. शर्वाणीसाठी पुण्याला पाठवायचंय."